मल्लाची तसबीर

पैलवानाचे चित्र काढणे वाटते तितके सोपे नाही. देवाचे चित्र काढताना चित्रकाराच्या पाठीशी पाहणाऱ्याची श्रद्धा उभी असते. राजाच्या चित्रात निम्मे काम शेला, शिरपेच आणि तलवार करतात. पैलवानाजवळ यांतले काहीच नाही. जे काही सांगायचे ते खांदे, मान आणि मांड्या यांतूनच सांगावे लागते. आणि एवढे करूनही तो माणूस म्हणून ओळखू आला पाहिजे. ही दुसरी अट आमच्याकडच्या चित्रांनी फारशी पाळलेली नाही, असे माझे मत आहे.

सोलापूर हे जितके मागांचे गाव, तितकेच तालमींचे. पाणीवेस तालीम, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावे सोलापूरकराला घरच्या पत्त्यासारखी पाठ असतात. कोणत्याही जुन्या तालमीत गेलात तर दोन प्रकारची चित्रे दिसतात. एक म्हणजे मारुतीची छापील रंगीत तसबीर, आणि दुसरी म्हणजे कोणा नामांकित मल्लाचा फोटो : डोक्याला फेटा, खांद्यावर गदा, छाती पुढे काढलेली, मागे फोटोवाल्याचा रंगवलेला पडदा. पहिल्यात बळ आहे, पण ते देवाचे. दुसऱ्यात माणूस आहे, पण तो फोटोवाल्याने ‘हलू नका’ म्हटल्यावर जसा उभा राहील तसा उभा. या दोहोंच्या मध्ये जे चित्र असायला हवे होते, ते मला सापडले जपानात, सुमो मल्लांच्या छापील चित्रांत.

ही चित्रे लाकडी ठशांवरून छापलेली. त्यांची रीत सोलापूरच्या वाचकाला समजावून सांगण्याची फारशी गरज पडू नये. चित्रकार रेखाटन करी, कोरणारा ते चेरीच्या लाकडावर कोरी, आणि छापणारा प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा घेऊन एकावर एक रंग चढवी. ठसा तसूभर सरकला की चित्र बिघडले. म्हणून प्रत्येक ठशाच्या कडेला कागद टेकवण्यासाठी खुणेच्या खाचा असत. जेकार्डची भोके पाडलेली पुठ्ठी एकामागून एक सरकताना आणि चादरीवर फूल उमटताना ज्याने पाहिले आहे, त्याला या कामातला हिशेब चटकन कळेल. १७६५ च्या सुमारास ही बहुरंगी छपाई एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, पूर्णत्वाला पोहोचली, तेव्हा तिला नाव मिळाले ‘निशिकी-ए’. निशिकी म्हणजे भरजरी विणीचे कापड. छापील चित्राला विणकराच्या कापडाचे नाव देणाऱ्या लोकांशी आमच्या गावाचे नाते जुळायला हरकत नाही.

या चित्रांतला मल्ल बहुधा कमरेला रेशमी, कशिद्याचा, झालरीचा पडदा लावून उभा असतो. हा आखाड्यात मिरवण्याचा पोशाख. कुस्तीच्या वेळी तो उतरवतात. चित्रकाराने सगळा रंग त्या पडद्यावर ओतलेला असतो आणि अंग जवळजवळ कोऱ्या कागदाचेच ठेवलेले असते. पोटाची एक गोलाई, छातीखालची एक वळणदार रेघ, गुडघ्याशी दोन फटकारे. एवढ्यात चार मणांचा देह उभा राहतो! आमच्याकडे रविवर्मा यांच्या छापखान्यातून, जो १८९४ साली मुंबईत निघाला व पुढे मळवलीला गेला, जी चित्रे घरोघर पोहोचली, तीही रंगागणिक वेगळा दगड वापरूनच छापलेली. पण त्यांची सगळी धडपड तैलचित्रासारखे दिसण्याची. म्हणून छायेवर छाया चढवून अंगाला गोलाई आणायची. जपानी कारागिराने कागद हा कागदच राहू दिला. मला त्याचा हा संयम अधिक थोर वाटतो.

तथापि कौतुकात वाहवत जाण्याचे कारण नाही. कुनिसादा (१७८६–१८६५) हा या प्रकारातला सर्वांत खपाचा चित्रकार. त्याची मल्लचित्रे ओळीने पाहिली, तर चेहरे एकाच साच्यातले वाटू लागतात. पडदा बदलला, बाजूला लिहिलेले नाव बदलले, की मल्ल बदलला. त्याच्या आधीच्या कात्सुकावा घराण्यातल्या चित्रकारांनी नाक, भुवया, ओठ यांतून माणूस वेगळा काढला होता. आणि शाराकूने १७९४ साली दाइदोझान बुंगोरो नावाच्या अवघ्या सातआठ वर्षांच्या अगडबंब मुलाला आखाड्यात मिरवताना रंगवले. हा मुलगा कुस्ती खेळत नसे. लोकांनी पाहावे म्हणूनच त्याला आणीत. त्या चित्रापुढे मी थबकतो. चित्र उत्तम आहे, पण पाहताना आपणही त्या गर्दीतलेच एक होतो, ही जाणीव सुखाची नाही. मल्लाच्या देहाचा तमाशा करायचा की त्याचा मान राखायचा, हा प्रश्न दोन्ही देशांत जुनाच आहे.

कारण मल्ल हा पोटासाठी लढणारा माणूस. राइदेन तामेएमोन (१७६७–१८२५) हा साडेसहा फुटांच्या आसपास उंचीचा अजिंक्य मल्ल. वरच्या श्रेणीत त्याच्या नावावर २५४ विजय आणि केवळ १० पराजय आहेत. तो मात्सुए संस्थानच्या पदरी होता. आमच्याकडे कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मल्लांना असाच आश्रय दिला. १९१२ साली पुरे झालेले खासबाग मैदान त्याची साक्ष देते. जपानात १८७१ मध्ये संस्थाने गेली, कोल्हापूर १९४९ मध्ये विलीन झाले, आणि दोन्हीकडे मल्लाच्या खुराकाची चिंता उघड्यावर आली. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले ते लोकांनी जमवलेल्या पैशांवर. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक त्यांनी मिळवून दिले; अर्जुन पुरस्कार मात्र त्यांना १९८४ च्या अपघाती मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी लाभला.

म्हणूनच त्या जपानी चित्रातली एक गोष्ट मला कलेइतकीच मोलाची वाटते. त्यावर मल्लाचे नाव ठळक असते, चित्रकाराची सही असते, छापून विकणाऱ्याची खूण असते. वाटीभर शेवयांच्या किमतीत मिळणारा हा कागद. पण दोनशे वर्षांनंतरही अमुक मल्ल, अमुक हात, अमुक दुकान हे आपण सांगू शकतो. आमच्या तालमींतल्या कित्येक फोटोंखालची अक्षरे पुसट झाली आहेत, आणि फोटो कोणी काढला हे तर बहुधा लिहिलेलेच नव्हते. जुन्या वस्तादांना विचारले की ते क्षणात नाव, गाव, गाजलेली जोड, सारे सांगतात. ते वस्ताद गेले की भिंतीवर उरेल तो एक फेटा आणि एक गदा.

चांगल्या चित्राने बळ दाखवावे, हे खरेच. पण ते कोणाचे बळ होते हेही त्याने सांगावे. ज्या घरांतून आजोबांचे, चुलत्यांचे आखाड्यातले असे फोटो असतील, त्यांनी या दिवाळीत काच पुसताना एवढे करावे : चौकट उलटी करावी, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मागच्या पुठ्ठ्यावर नाव, तालीम आणि वस्ताद शाईने लिहून ठेवावेत.