धर्माकडून, धर्मापासून, धर्मातून : मेथडिस्ट प्राथमिक शाळेतील एका परिभाषेची चिकित्सा

इंग्लंडमधील मेथडिस्ट प्राथमिक शाळांतील धर्मशिक्षणाचा विचार बहुधा धर्मशास्त्राच्या किंवा शिक्षणशास्त्राच्या अंगाने होतो. प्रस्तुत लेखात तो भाषेच्या अंगाने करावयाचा आहे. वर्गात मुलाकडून जे वदवून घेतले जाते ते त्याचे स्वतःचे बोलणे असते काय, हा ह्या शिक्षणातील मूळ प्रश्न होय; आणि प्रचलित परिभाषेने तो उकलण्याऐवजी झाकून टाकला आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. १९४४ च्या शिक्षणविषयक कायद्याने धर्मसंस्थांच्या शाळांचे ‘एडेड’ व ‘कंट्रोल्ड’ असे दोन प्रमुख वर्ग केले. पहिल्या वर्गात धर्मशिक्षण संस्थेच्या श्रद्धेनुसार चालते. दुसऱ्या वर्गात सामान्यतः स्थानिक संमत अभ्यासक्रम लागू होतो. ह्या कायद्यात वर्गातील धर्मपाठाला ‘इन्स्ट्रक्शन’ म्हटले होते. १९८८ च्या कायद्यात ‘एज्युकेशन’ हा शब्द आला. हा केवळ शब्दबदल नव्हे. ‘इन्स्ट्रक्शन’मध्ये शिकवणारा प्रधान असतो, ‘एज्युकेशन’मध्ये शिकणारा. मात्र शिकणाऱ्याने धर्माशी नेमका कोणता संबंध ठेवावा, हे त्या बदलाने ठरले नाही.

ते ठरविण्याचा प्रयत्न मायकेल ग्रिमिट ह्यांनी केला. ‘लर्निंग अबाऊट’ आणि ‘लर्निंग फ्रॉम’, म्हणजे धर्माविषयी शिकणे आणि धर्माकडून वा धर्मापासून शिकणे, हा त्यांनी प्रसृत केलेला भेद १९९४ च्या आदर्श अभ्यासक्रमांनी दोन उद्दिष्टांच्या रूपाने स्वीकारला. २००४ च्या राष्ट्रीय आराखड्याने तर दोहोंच्या मूल्यमापनासाठी आठ पायऱ्यांची श्रेणी दिली.

पहिल्या उद्दिष्टाबद्दल वाद नाही. दुसऱ्याचे मराठी रूपांतर करताना मात्र आपण अडतो, आणि ही अडचण उद्बोधक आहे. वर ‘धर्माकडून वा धर्मापासून’ असे दुहेरी लिहावे लागले ते ह्याचमुळे. इंग्रजीतील ‘फ्रॉम’ एकच. मराठीत आपण गुरूकडून शिकतो, इतिहासापासून धडा घेतो आणि अनुभवातून शिकतो. बोलीत ह्या सीमा काहीशा मिसळतात हे खरे. तरी त्यांमागील भूमिका वेगळ्या आहेत. ‘कडून’ म्हटले की समोर अधिकारी वक्ता आहे. ‘पासून’ म्हटले की समोर बाह्य वस्तू आहे आणि बोध आपण काढतो. ‘तून’ म्हटले की शिकणारा त्या व्यवहाराच्या आत आहे.

उधळ्या पुत्राचा दृष्टांत घेऊ. ‘देव ह्या पित्यासारखा क्षमाशील आहे, हे जाणून तू काय करशील?’ हा ‘कडून’चा प्रश्न. ‘घरी राहिलेल्या थोरल्या भावाचा राग तुला योग्य वाटतो काय?’ हा ‘पासून’चा. प्रार्थनासभेत क्षमेचे स्तोत्र गाताना मुलाला जे उमगते ते ‘तून’चे, त्याला प्रश्नाचे रूप देताच ते निसटते. मेथडिस्ट शाळांच्या वर्गांत मुसलमान, हिंदू, शीख आणि कोणताच धर्म न मानणाऱ्या कुटुंबांतील मुलेही बसतात. दुसरा प्रश्न ह्या सर्वांना विचारता येतो, पहिला नाही. पण ‘लर्निंग फ्रॉम’ ह्या एका नावाखाली तिन्ही येतात आणि २००४ च्या आराखड्यात ते एकाच श्रेणीने मोजले गेले. ‘मीही क्षमा करीन’ असे लिहिणाऱ्या मुलाला वरची पायरी दिली, तर आपण आकलन मोजले की आज्ञाधारकता? पालकांना मुलाला ह्या तासातून वगळण्याचा हक्क आहे. परंतु वर्गात बसलेल्या मुलाच्या शब्दांचे रक्षण त्या हक्काने होत नाही.

येथे मेथडिस्ट परंपरेचा आरंभ आठवावा. जॉन वेस्ली ह्यांनी मुलांसाठी १७४५ साली प्रसिद्ध केलेल्या पाठांच्या प्रस्तावनेत शिक्षकांना बजावले आहे की, मुलाला जवळजवळ प्रत्येक वाक्यावर थांबवून अर्थ विचारावा. पोपटपंची खपवून घेऊ नये. चार्ल्स वेस्ली ह्यांच्या मुलांसाठीच्या स्तोत्रांना (१७६३) जॉन ह्यांनी १७९० साली जोडलेल्या प्रस्तावनेत दोन मार्ग सांगितले आहेत : मुलांच्या पातळीवर उतरणे किंवा मुलांना आपल्या पातळीवर आणणे. त्यांनी दुसरा स्वीकारला, पण भाषा सोपी ठेवून. वेस्लींना मुले ख्रिस्ती व्हावयास हवी होती, ह्यात संशय नाही; म्हणजे त्यांचे साध्य ‘कडून’चे होते. तरी न समजलेला शब्द श्रद्धेचा पुरावा मानण्यास त्यांनी नकार दिला. हा नकार अशा श्रेणींपेक्षा अधिक काटेकोर आहे.

ह्यावर रोनाल्ड गोल्डमन ह्यांचा आक्षेप येईल. १९६४ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी पियाजेच्या आधारे असे मांडले की, प्राथमिक वयातील मुले बायबलमधील कथांचा शब्दशः अर्थ घेतात. अमूर्त धर्मविचार त्यांच्या आवाक्याबाहेरचा असतो. मात्र त्यावरून अर्थ विचारूच नये, असे निष्पन्न होत नाही. मेथडिस्ट शिकवणुकीतील केंद्रवर्ती शब्द ‘ग्रेस’ घ्या. इंग्लिश मुलाला तो जेवणापूर्वीची प्रार्थना म्हणून, मुलीचे नाव म्हणून, नर्तकीचा डौल म्हणून आधीच ठाऊक असतो. ईश्वराची विनामूल्य कृपा हा अर्थ त्याला ह्या अर्थांच्या शेजारी ठेवूनच शिकावा लागतो. वाच्यार्थ हा येथे दोष नसून पायरी आहे. शिक्षकाने ती ओळखली पाहिजे.

२०१८ मध्ये धर्मशिक्षणविषयक आयोगाने विषयाचे नावच ‘रिलिजन अँड वर्ल्डव्ह्यूज’ करावे असे सुचविले. व्याप्ती वाढविण्यास ते उपकारक असेल. पण नाव बदलल्याने ‘फ्रॉम’ची संदिग्धता मिटत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, अशा शाळेने तिन्ही प्रकार चालवावेत, पण वेगळे ठेवून. ‘पासून’ची परीक्षा घ्यावी; ‘तून’ला प्रार्थनासभेत मोकळी जागा द्यावी, पण गुण देऊ नयेत; आणि ‘कडून’ हे ज्या मुलाने स्वतः मागितले त्यालाच द्यावे. एरवी मुलाचे उत्तर बरोबर येईल, पण ते त्याचे असणार नाही.