निघण्याआधीची रात्र

आखाती देशांत गेलेला माणूस आपल्या मुस्लिम मराठी कथेला नवा नाही. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, तिकडे बांधकामे निघाली आणि कोकणातल्या, मुंबईतल्या मुस्लिम घरांतून माणसे दुबई, कुवेत, सौदीला जाऊ लागली. त्याआधीही कोकणी मुसलमान बोटीवर खलाशी म्हणून जातच होते. माझ्या वाचनात आलेल्या अशा बहुतेक कथा दोनच ठिकाणी सुरू होतात. एक तर विमानतळावर, नाही तर परतलेल्या माणसाच्या बॅगा उघडतात तिथे. अत्तर, टेपरेकॉर्डर, ब्लँकेट. मग एकटी पडलेली बायको आणि बापाला न ओळखणारी मुले. हे सारे खरे आहे. पण जावे की न जावे हे ज्या रात्री ठरते, ती रात्र या कथांत सापडत नाही.

गिरणगावच्या साहित्याची तऱ्हा वेगळी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संपानंतरच्या अशाच एका कामगार कुटुंबावर जयंत पवारांनी 'अधांतर' लिहिले. संपाचा हिशेब घराच्या चार भिंतींत मांडणे, हे या नाटकाचे मोठेपण. मात्र गिरणगावच्या लेखनात परदेशाची वाट फारशी दिसत नाही. लालबाग-परळच्या मुस्लिम कामगाराला ती दिसत होती.

माझे चाचा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. संप लांबला तेव्हा एका एजंटाने सौदीच्या विझाचे सांगितले. पैसे उभे करायचे तर चाचीचे दागिने मोडायला हवे होते. अब्बा म्हणाले, "उद्या गिरणी सुरू झाली तर? तुझे नाव जाईल." चाचा म्हणाले, "भाईजान, उद्या उद्या करत आठ महिने गेले." दादीने सांगितले, "इस्तिखारा कर." त्यांनी इशानंतर दोन रकात पढल्या. सकाळी सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. स्वप्न काहीच पडले नव्हते.

चाचा गेले नाहीत. का, असे विचारले की दरवेळी कारण वेगळे. कधी चाचीचे दागिने, कधी संपावरचा भरवसा, कधी नुसतेच "मन झाले नाही." १९९२-९३ च्या दंगलीनंतर ते लालबागची खोली विकून मुंब्र्याला गेले. सामान भरताना म्हणाले, "घर सोडायचेच होते तर तेव्हाच सोडले असते." अकरा वर्षांपूर्वीचा निर्णय त्या दिवशी पुन्हा उघडला गेला.

आपल्या कथेची चूक मला इथे दिसते. ती निर्णयाचा निवाडा परिणामावरून करते. पैसा आला तर बरोबर, घर मोडले तर चूक. मल्याळम लेखक बेन्यामिन यांची 'आडुजीवितम्' (२००८) ही आखातावरची थोर कादंबरी. तीही विझापासून वाळवंटाकडे लवकर सरकते, पण तिचा विषयच ते वाळवंट आहे. आपल्याकडे असे कारण नसतानाही लेखक घाई करतो.

इस्तिखाऱ्याचेच पाहा. आपल्या कथांत तो आला तर वातावरणापुरता येतो, नाही तर शकुनासारखा. वास्तविक त्या दुआत स्वप्नाची अट नाही. यात माझे भले असेल तर ते सोपे कर, नसेल तर ते माझ्यापासून दूर कर आणि मला त्यात राजी ठेव, असे मागणे आहे. म्हणजे निर्णय माणसालाच घ्यायचा आहे, परिणाम ठाऊक नसताना. याहून कठीण प्रसंग कथाकाराला कोणता हवा? आणि त्या रात्री चाचीला कोणी विचारले होते का? दागिने तिचे होते. तिचे मत आमच्या घरच्या आठवणीतही नाही.

आज गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे आहेत. चाचांचा नातू इंजिनिअर आहे, दुबईच्या नोकरीचे पत्र त्याच्या हातात आहे. दागिने मोडायचे नाहीत, तरी घरात तीच कुजबुज आहे. आपल्या नव्या लेखकांनी त्याला इतक्यात विमानात बसवू नये. आधी त्या खोलीत जाऊन बसावे, आणि पहिल्यांदा चाचीला बोलू द्यावे.