२७ ज्योतिषी आणि एक नाणं

२००९ साली 'करंट सायन्स'मध्ये एक शोधनिबंध आला, 'अ स्टॅटिस्टिकल टेस्ट ऑफ अ‍ॅस्ट्रॉलॉजी'. जेमतेम तीन पानांचा. लेखक चौघं: जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे. बोलण्यात तो एका ओळीचा होऊन येतो: "नारळीकरांनी ज्योतिष खोटं पाडलं." ही ओळ त्या निबंधावर अन्याय करते. त्याहून जास्त अन्याय करते त्यातल्या संशयी वृत्तीवर.

आधी प्रयोग बघू. १०० हुशार शाळकरी मुलं आणि १०० बौद्धिक अक्षमता असलेली मुलं, अशा २०० जणांच्या पत्रिका गोळा केल्या. ज्योतिष्यांना जाहीर आवाहन केलं. प्रत्येकाला ४० पत्रिका पाठवल्या आणि एकच प्रश्न विचारला: यातली हुशार मुलं कुठली? कुठली पत्रिका कोणाची, याची गुपितं पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागात बंद होती. म्हणजे परीक्षकांकडूनही चुकून इशारा जायची सोय नव्हती. ५१ ज्योतिष्यांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांनी उत्तरं पाठवली. सगळ्यांची सरासरी नाणेफेकीच्याही खाली गेली. २०० पत्रिका घेतलेल्या एका संस्थेची १०२ उत्तरं बरोबर आली. म्हणजे ५१ टक्के.

मला यातली सगळ्यात रंजक व्यक्ती वाटते ती पहिला आलेला ज्योतिषी. त्याला ४० पैकी २४ मिळाले. साठ टक्के! आपल्याकडे फर्स्ट क्लास म्हणतात याला. उद्या त्याने दारावर पाटी लावली, 'शास्त्रीय चाचणीत प्रथम', तर त्यात खोटं काहीच नाही. पण मी साधा हिशेब केला. २७ जणांनी प्रत्येकी ४० वेळा नुसतं नाणं उडवलं, तर त्यातल्या सरासरी तीन-चार जणांना २४ किंवा जास्त मिळतात. म्हणजे तो पहिला आला नसता तरच नवल होतं.

हे मला रोजच्या कामातून ओळखीचं आहे. अ‍ॅपमधल्या एका बटणाचे वीस रंग वापरून बघा. एखादा रंग 'जिंकतोच'. मीटिंगमध्ये त्या रंगाचं मानसशास्त्रही कोणीतरी समजावून सांगतं. अशा वेळी विचारायचा प्रश्न एकच: काय झालं तर आपण हरलो असं मानायचं, हे आधी लिहून ठेवलं होतं का? या निबंधाची ताकद तिथेच आहे. निकष आकडे यायच्या आधी ठरलेला होता. ज्योतिष्यांची बाजू जिंकण्याची खरीखुरी शक्यता ठेवूनच चाचणी रचली होती. समोरच्याला जिंकायची वाट न ठेवता घेतलेला संशय हा नुसता हट्ट असतो.

आता उणिवा. उत्तरं देणारे २७ जण स्वतःहून आलेले होते; सगळ्या ज्योतिष्यांचे प्रतिनिधी म्हणून निवडलेले नव्हते. तपासला गेला तो एकच दावा: पत्रिकेवरून बुद्धी कळते. लग्न, नोकरी, आजारपण यांबद्दल हा निबंध काहीही सिद्ध करत नाही. मी ज्योतिष मानत नाही, आणि म्हणूनच हे वाक्य मला लिहायलाच हवं. आपल्या बाजूचा निकाल आला की तो ताणून मोठा करायचा मोह होतो. संशयाची खरी परीक्षा तिथे होते. "हा दावा या चाचणीत नापास झाला. तुमच्याकडे दुसरा असेल तर तोही याच पद्धतीने तपासू," इतकंच म्हणायचा आपल्याला अधिकार आहे. ऐकायला फिकं आहे, पण टिकाऊ आहे.

घरी सध्या माझ्या लग्नाचा विषय आहे, त्यामुळे ३६ गुण आणि १८ची पासिंग रोज कानावर येते. मी आईला विचारलं, "गुण जुळूनही मोडलेली किती लग्नं दाखवली तर तू पत्रिका बघणं सोडशील?" ती म्हणाली, "आणि तुझं काय गं? किती खरं निघालं तर तू बघायला लागशील?"

प्रश्न रास्त होता. मी विचार करून आकडा दिला: नारळीकरांसारखीच चाचणी, एकच ज्योतिषी, वेगवेगळ्या मुलांवर दोनदा, आणि दोन्ही वेळा ४० पैकी ३० बरोबर. नाण्याला हे दहा लाखांत एकदा जमेल. तसं झालं तर मी नव्याने विचार करेन. आईने आकडा दिला नाही. ती म्हणाली, "मी काही मोजायला बघत नाही. तुझ्या बाबतीत आमच्याकडून काही राहून जाऊ नये, म्हणून बघते."

या वाक्याला निबंधात उत्तर नाही. तीन पानं पत्रिका तपासतात, पत्रिका उघडणाऱ्या माणसाच्या भीतीपर्यंत पोचत नाहीत. तो त्यांचा विषयही नव्हता. पण आपण आकडे घेऊन वाद घालायला जातो, तेव्हा समोर बहुतेक वेळा ती भीतीच बसलेली असते.

तरीही निबंध वाचाच. चार लेखकांपैकी दाभोलकरांची २०१३ साली पुण्यात गोळ्या घालून हत्या झाली. त्या माणसाच्या या कामात ज्योतिष्यांविरुद्ध आरडाओरडा नाही. त्यांना पत्रिका पाठवल्या होत्या आणि उत्तराची वाट बघितली होती.