विंडोजशेजारचे लिनक्स : एक परीक्षण

जुना संगणक मोडीत काढू नका, त्यावर विंडोजच्या शेजारी एखादे हलके लिनक्स बसवा, असा सल्ला शिक्षकांना गेली काही वर्षे वारंवार दिला जात आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबवला, तेव्हापासून या सल्ल्याला जोर आला. सल्ला चांगल्या हेतूचा आहे आणि त्यातील बरेचसे खरेही आहे. परंतु तो शाळेत नेऊन पाहिला की त्यामागची काही गृहीते डळमळू लागतात. जालना जिल्ह्यातील शाळांच्या संगणक-खोल्या डोळ्यांपुढे ठेवून त्याची तपासणी करावी, असा आमचा विचार आहे.

भोकरदन काय, मंठा काय किंवा घनसावंगी काय, या खोल्यांचे चित्र फारसे वेगळे नसते. कोणत्या तरी योजनेतून आलेले पाच-दहा संगणक, त्यांतले निम्मे झाकून ठेवलेले. कार्यालयात एक, तोच खरा राबणारा. दोन गिगाबाइट स्मृती, जुनी हार्ड डिस्क आणि बॅटरी संपलेला यूपीएस. असा संगणक विंडोज ११ घेऊ शकत नाही, कारण त्या प्रणालीला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि साधारणपणे २०१७ नंतरच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. म्हणजे वाटा दोनच: दुसरी प्रणाली किंवा भंगार. जालन्याला भंगाराचे वावडे नाही. येथील भट्ट्यांत लोखंडी भंगार वितळून त्याच्या सळया होतात. पण संगणकाची पत्र्याची पेटी तेथे गेली, तरी आतील शिसे-तांब्याने भरलेली पाटी तेथे जाऊ शकत नाही. तेव्हा यंत्र आणखी चार-पाच वर्षे चालावे, हा हेतू आम्हाला पूर्ण मान्य आहे.

आता 'हलके' या शब्दाकडे पाहू. लिनस टोरवाल्ड्‌सने १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेला लिनक्सचा गाभा सर्व लिनक्स-संचांत एकच असतो. हलके किंवा जड असते ते त्यावरचे पडद्याचे आवरण. लिनक्स मिंटच्या एका आवृत्तीत एक्सएफसीई हे आवरण असते, लुबुंटूत एलएक्सक्यूटी. नुसता पडदा उघडून ठेवला तर ही आवरणे अर्ध्या गिगाबाइटच्या आसपास स्मृती घेतात, आणि येथेच त्यांची स्तुती सुरू होते. पण शाळेत कोणी नुसता पडदा पाहत बसत नाही. ब्राउझर उघडून त्यात शिष्यवृत्तीचे एक पान, यू-डायस प्लसचे दुसरे आणि एखादी चित्रफीत लावली, की लिनक्सचा हलकेपणा ब्राउझरच्या वजनाखाली दबून जातो. मिंटचे कर्तेच किमान दोन गिगाबाइट आणि सुखाने चालण्यासाठी चार गिगाबाइट स्मृती सांगतात. स्मृतीची एक जुनी पट्टी आणि एक लहान एसएसडी यांवर खर्च केलेला पैसा कोणत्याही आवरणापेक्षा अधिक वेग देतो, ही गोष्ट सल्ला देणारे बहुधा शेवटी सांगतात. ती आधी सांगायला हवी. ३२ बिटांचे अगदी जुने यंत्र असेल तर निवड आणखी आखडते. लुबुंटूने १९.०४ या आवृत्तीपासून अशा यंत्रांना निरोप दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्येही त्यांच्यासाठी स्थापना-संच राहिलेला नाही.

'शेजारी' हा दुसरा शब्द वरवर निरुपद्रवी वाटतो. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कवर चारच प्राथमिक विभाग करता येतात. विक्रेत्याने तीन-चार विभाग आधीच करून ठेवले असतील, तर लिनक्सला जागा दिसत असूनही मिळत नाही. विंडोज १० बंद करताना 'फास्ट स्टार्टअप' चालू राहिला असेल, तर ते खऱ्या अर्थाने बंद झालेलेच नसते, आणि लिनक्स त्याच्या फाइली वाचू देते, बदलू देत नाही. या दोन्ही अडचणींना उपाय आहेत. मात्र विभागणीला हात लावण्यापूर्वी सर्व फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढलेली हवी, आणि ते काम वीज जाण्याच्या वेळेत करू नये.

घड्याळाचा घोटाळा मात्र अधिक मनोरंजक आहे. संगणकाच्या आत एक लहान घड्याळ अखंड चालू असते. विंडोज त्यात स्थानिक वेळ आहे असे मानते, तर लिनक्स साधारणपणे त्यातच जागतिक वेळ ठेवते. लिनक्स वापरून झाले आणि नंतर विंडोज उघडले, तर सकाळी अकरा वाजता पडद्यावर पहाटेचे साडेपाच दिसतात. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगणारी एक आज्ञा दिली की हा प्रश्न सुटतो. पण ती देण्यापूर्वी भूगोलाच्या तासाला हा पडदा मुलांना जरूर दाखवावा. साडेपाच तास का? ८२.५ अंश पूर्व रेखांशाला १५ ने भागून पाहा. आणि जालना तर ७५.९ अंशांच्या जवळ, म्हणजे प्रमाणवेळेच्या रेखांशापासून साडेसहा अंशांहून अधिक पश्चिमेला. येथील सूर्य प्रमाणवेळेपेक्षा सरासरी २६ मिनिटे मागे. याच घड्याळाला जिवंत ठेवणारा नाण्याएवढा सेल जुन्या यंत्रात बहुधा संपलेला असतो. मग तारीख कित्येक वर्षे मागे जाते, सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्राची मुदत जुळत नाही म्हणून उघडत नाहीत, आणि दोष जातो नव्या लिनक्सकडे.

येथवरच्या अडचणी तांत्रिक आहेत. आमचा मुख्य आक्षेप वेगळा आहे. हा सल्ला संगणकाचे वजन मोजतो, शाळेच्या दप्तराचे मोजत नाही.

शाळेच्या कार्यालयात गेली वीस-पंचवीस वर्षे जो मराठी मजकूर साठला, त्यातील मोठा भाग श्री-लिपी, आयएसएम किंवा कृतीदेव यांसारख्या साधनांनी लिहिलेला आहे. त्या काळी ही साधने मोठाच आधार होती, हे विसरून चालणार नाही. परंतु अशा जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर मराठी म्हणून साठवले जात नाही. कृतीदेवमध्ये 'मन' हा शब्द लिहिला, तर फाइलीत साठतात ती इंग्रजी 'ई' आणि 'यू' ही अक्षरे. फॉन्ट फक्त त्यांच्यावर 'म' आणि 'न' यांचे मुखवटे चढवतो. लिनक्समध्ये ती फाइल उघडली आणि फॉन्ट नसेल, तर मुखवटे गळून पडतात. परवाना पाहून फॉन्ट बसवला तर मजकूर दिसेल, पण तो लिहिण्याची मूळ साधने विंडोजसाठी बनलेली. मग लिपिक काय करतो? विंडोजमध्ये परततो. महिन्याभरात शेजारचे लिनक्स केवळ सुरुवातीच्या यादीतले एक नाव होऊन उरते.

याउलट युनिकोडमध्ये 'म' हा 'म' म्हणूनच साठतो. देवनागरीला तेथे १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून जागा आहे, आणि ती मांडणी भारतीय इस्की संहितेवरून घेतलेली आहे. युनिकोड मराठीच्या बाबतीत लिनक्स अजिबात मागे नाही. इन्स्क्रिप्ट, उच्चारानुसारी आणि मराठी माणसांच्या परिचयाचे गमभन, या कळफलक-मांडण्या त्यात मिळतात.  शिवाय प्राथमिकच्या शिक्षकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. शासनाने २००९ च्या वर्णमाला-निर्णयात जो देठाचा 'श' आणि पाकळीचा 'ल' सांगितला, तो काही फॉन्टमध्ये मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदवल्यावरच उमटतो. लिब्रेऑफिसमध्ये ती हिंदी राहिली, तर तक्त्यावर हिंदी वळणाची अक्षरे छापली जातात.

केरळचा दाखला या चर्चेत नेहमी दिला जातो, पण अर्धवट दिला जातो. तेथे २००१ मध्ये आयटी@स्कूल प्रकल्प सुरू झाला, काही वर्षांत तो मुक्त सॉफ्टवेअरकडे वळला, आणि २०१७ मध्ये त्याचे 'काइट' या संस्थेत रूपांतर झाले. हे यश हलक्या प्रणालीचे नव्हे. पाठ्यपुस्तक, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि परीक्षा ही तिन्ही त्याच प्रणालीवर आली, म्हणून ती रुजली. तेथे लिनक्स अखेर विंडोजच्या शेजारी नव्हे, विंडोजच्या जागी बसले. आपल्याकडे सीडॅकने २००७ मध्ये 'बॉस' ही भारतीय प्रणाली आणली, मुंबईच्या आयआयटीने स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठीतही उपलब्ध करून दिले. साहित्य आहे; त्याच्याशी जोडलेले वेळापत्रक नाही.

विज्ञानाच्या शिक्षकाला लिनक्सकडून मिळण्यासारखे पुष्कळ आहे. जिओजेब्रा चालते, फेटच्या अनेक प्रतिकृती मराठीत असून त्या ब्राउझरमध्येच उघडतात. स्टेलेरियममध्ये जालन्याचे अक्षांश-रेखांश भरून आजचे आकाश वर्गात दाखवता येते, मात्र अगदी जुन्या चित्र-चिपवर त्याची नवी आवृत्ती अडून बसते. छपाईचेही पाहून घ्यावे. एचपीचे बहुतेक छपाई-यंत्र लिनक्सला ओळखीचे आहेत. कार्यालयांत सर्रास आढळणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र स्वतःची वेगळी भाषा बोलतो आणि त्याच्याशी जुळवून घेताना बराच खटाटोप पडतो.

तेव्हा आमचे मत असे. मुलांच्या संगणकांवर 'शेजारी' नकोच. तेथे जुन्या फाइली नसतात, छपाई नसते, मग दोन प्रणालींची यादी हवी कशाला? त्यांवर केवळ लिनक्स बसवावे. विंडोजशेजारी लिनक्स ठेवायचे ते कार्यालयाच्या एकाच संगणकावर, आणि तेही मुदत ठरवून, जुना मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणून होईपर्यंत. त्या मुदतीत विंडोज इंटरनेटला जोडू नये. आधार संपलेल्या प्रणालीवरून शाळेची माहिती भरणे धोक्याचे आहे.

रूपांतर करणारी साधने मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये हा क्रम नेमका उलटतो, आणि चुका तेथेच होतात. परिपत्रकात वेलांटी सरकली तर फार बिघडत नाही. जनरल रजिस्टरमधील नाव आणि शाळा सोडल्याचा दाखला यांचे तसे नाही; तेथील चूक मुलाच्या पुढच्या प्रत्येक कागदावर उतरते, आणि दुरुस्तीसाठी पालकाला मजुरी बुडवून तालुक्याला खेपा घालाव्या लागतात. म्हणून रूपांतरित यादी छापून, मूळ हस्तलिखित रजिस्टर शेजारी ठेवून, दोघांनी मिळून वाचावी: एकाने मोठ्याने, दुसऱ्याने बोट ठेवून. विशेषतः ऱ्य आणि ऱ्ह असलेली आडनावे. 'गोऱ्हे' हे नाव सदोष साधनातून 'गोर्हे' होऊन बाहेर पडू शकते, आणि संगणकाला त्यात काहीच खटकत नाही.