चित्रनकाशा, किरकोळ मुद्रिते आणि राजाजीनगर

ब्रायन हार्ली यांचा ‘डिकन्स्ट्रक्टिंग द मॅप’ हा निबंध १९८९ साली प्रसिद्ध झाला आणि नकाशा ही सत्तेची संहिता असते, हे प्रतिपादन साहित्याभ्यासातही रुळले. मात्र चित्रनकाशा या चर्चेच्या कडेलाच राहिला. तो मोजणीच्या दृष्टीने सदोष आणि चित्रकलेच्या दृष्टीने उपयोजित. त्यामुळे दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, अशी त्याची गत झाली.

कॅलिफोर्नियातील जो मोरा (१८७६–१९४७) हे या प्रकाराचे लक्षणीय उदाहरण होय. माँटेव्हिडिओत जन्मलेला हा शिल्पकार, चित्रकार आणि प्रादेशिक इतिहासाचा लेखक आपल्या नकाशांना ‘कार्त’ म्हणे. माँटेरे द्वीपकल्प (१९२६), ग्रँड कॅन्यन (१९३१), लॉस एंजलिस (१९४२) अशा त्याच्या कार्तांत मध्यभागी भूप्रदेश असतो. पण वाचकाची नजर अडकते ती चौकटीत. तेथे स्पॅनिश मोहिमांपासून समकालीन पर्यटकांपर्यंतची माणसे विनोदी मिरवणुकीसारखी चालतात. इतिहास येथे कालक्रम न राहता कडेची नक्षी होतो. या नक्षीची किंमतही लक्षात घ्यायला हवी. मोरा १९०४ ते १९०६ या काळात होपी लोकांमध्ये राहिला होता. तरीही विनोदाच्या सपाटीकरणात विजेता आणि विस्थापित एकाच सुरात हसू लागतात. संग्राहकांच्या कौतुकात हा प्रश्न सहसा उमटत नाही.

संग्रहामुळे अर्थ कसा सरकतो, याचा दाखला त्याच्याच १९३३च्या काउबॉयविषयक भित्तिपत्रकात मिळतो. त्यातील चित्र १९६८ साली ‘द बर्ड्‌स’च्या ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर आले. एका पिढीचा जाहिरातीचा कागद दुसऱ्या पिढीचे स्मरणचिन्ह ठरला.

मराठी अभ्यासकाला हे दृश्यव्याकरण अगदीच परके वाटू नये. पेशवेकालीन नकाशांत एकच प्रमाण पाळलेले नसते. डोंगरी किल्ला समोरून दिसतो, तट वरून दिसतो आणि मोडी अक्षरे पाहणाऱ्याला कागद फिरवायला लावतात. सुझन गोल यांच्या १९८९च्या संकलनामुळे अशा भारतीय नकाशांचा विस्तार एकत्र पाहता आला. परंतु साम्य येथेच थांबते. तो नकाशा कामाचा होता. मोराची कार्त स्मरणाची आणि विक्रीची. दोहोंना ‘अचूक नसलेले’ अशा एकाच सदरात टाकणे म्हणजे आधुनिक मोजणीलाच पुन्हा न्यायाधीश करणे होय.

बंगळूरच्या संदर्भात हा भेद अधिक टोकदार होतो. पॉल फर्नांडिस यांची जुन्या बंगळूरची विनोदी रेखाचित्रे लोकप्रिय आहेत. त्यांचा भर मुख्यतः छावणी-भागावर, बंगले आणि चित्रपटगृहांच्या जगावर आहे. स्वातंत्र्योत्तर काळात शहराच्या पश्चिमेला वसलेले आणि चक्रवर्ती राजगोपालाचारींचे नाव धारण करणारे राजाजीनगर अशा स्मरणरंजनाला सहजी वश होत नाही. आराखड्यात ते ब्लॉक, मेन आणि क्रॉस अशा क्रमांकांनीच बोलते. शेजारी औद्योगिक वसाहत. पण पत्ता सांगताना माणसे ‘नवरंग’ या चित्रपटगृहाचा आधार घेतात, भाष्यम् सर्कल म्हणतात. क्रमांकांची संहिता आणि नावांची संहिता एकाच रस्त्यावर नांदतात. २०१४ साली या भागात सुरू झालेल्या मेट्रोने येथील एका स्थानकाला महाकवी कुवेंपु रस्त्याचे नाव दिले, तेव्हा तिकिटाच्या मार्गनकाशातही साहित्याची एक ओळख शिरली.

अशा वसाहतीचा चित्रनकाशा करू पाहणाऱ्याला सिनेमाची तिकिटे, लग्नपत्रिका, दुकानांची कॅलेंडरे, पाळीच्या वेळा छापलेले कारखान्याचे कागद हीच साधने उरतात. द. ग. गोडसे यांच्यासारख्या चित्रकार-इतिहासवाचकाचे उदाहरण येथे उपयोगी पडते. ‘पोत’ (१९६३) या त्यांच्या ग्रंथात कलाकृतीचा विचार विषयापेक्षा तिच्या विणीतून सुरू होतो. किरकोळ मुद्रिताकडे या दृष्टीने पाहिले, तर त्यावरील मजकुराइतकाच कागदाचा दर्जा, शाईचा फाटा, एकाच पत्रिकेत कन्नड, तमिळ किंवा इंग्रजीला मिळालेली जागा वाचावी लागते. संग्राहक ज्या पत्रिकेची घडी सरळ करून काचेखाली ठेवतो, ती घडीच बहुधा तिच्या प्रवासाची खूण असते: कोणाच्या तरी खिशातून ती एका क्रॉसवरून दुसऱ्या क्रॉसवर गेलेली असते.