मुंबईतली कलाचर्चा, मराठीवाचून

चित्र, नाटक आणि संगीत शेजारी-शेजारी नांदले की काय घडतं, हे मुंबईने पन्नास-साठच्या दशकांतच पाहिलं आहे. भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये हुसेन आणि गायतोंडे चित्रं काढत, अल्काझींच्या ‘थिएटर युनिट’च्या तालमी चालत आणि रविशंकरांची ‘किन्नर’ संस्थाही तिथेच होती. १९६९मध्ये अकबर पदमसींनी आपल्या नेहरू फेलोशिपमधून ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ उभं केलं आणि चित्रकारांच्या हाती कॅमेरा दिला. तरुण नलिनी मलानींचे चित्रपटातले सुरुवातीचे प्रयोग तिथलेच. दोन्ही जागा काही माणसांच्या औदार्यावर चालल्या आणि दोन्ही टिकल्या नाहीत.

नव्वदच्या दशकात औदार्याची जागा संस्थेने घेतली. खुला झालेला बाजार आणि पाठोपाठ बाबरी मशिदीचा विध्वंस आणि मुंबईतल्या दंगली यांमुळे दालनाच्या भिंतीवर चित्र टांगून थांबणं अनेकांना अपुरं वाटू लागलं. मधुश्री दत्ता आणि फ्लाविया ॲग्नेस यांच्या ‘मजलिस’ने कायदा आणि कला ही दोन्ही कामं हाती घेतली. १९९७मध्ये मोदीनगरच्या कार्यशाळेतून ‘खोज’ ही कलावंतांची संस्था सुरू झाली. दशकाच्या अखेरीस मुंबईत शर्मिला सामंत, तुषार जोग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ओपन सर्कल’ काढलं.

मला यांतलं सर्वांत मोलाचं वाटतं ते ‘ओपन सर्कल’. विचार आणि कृती वेगळी ठेवायची नाही, हा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे राजकीय प्रश्नांवरची चर्चा हाही त्यांच्या कलाव्यवहाराचाच भाग ठरला. जोगांचं पुढचं काम पाहिलं की या आग्रहाचं फळ दिसतं. २०१०मध्ये ते मोटारसायकलवरून मुंबईहून शांघायला निघाले, सरदार सरोवर आणि चीनमधलं ‘थ्री गॉर्जेस’ धरण यांना जोडत. गाडीचं नाव ‘रोसिनान्ते’, म्हणजे डॉन किहोतेचा घोडा. या प्रवासाला शिल्प म्हणायचं, प्रयोग म्हणायचं की आंदोलन, हे ठरवता येत नाही आणि ठरवायची गरजही पडत नाही. धरणांनी उठवलेल्या माणसांचा प्रश्न एका देहाने एवढं अंतर कापून मांडला, हेच त्याचं रूप. जोग २०१८मध्ये गेले. असं काम दालनात मावत नाही आणि विकायलाही काही उरत नाही. त्याला संस्थेचाच आधार लागतो.

आणि संस्थांचा आधार आज कमजोर आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२०च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेने छोट्या गटाला हात द्यायची वाट त्यामुळे बंद झाली. कंपन्यांच्या सामाजिक निधीच्या यादीत कला आहे, पण भर वारसा, जतन आणि पारंपरिक कलांवर. सरकारी दालनांचं म्हणाल तर २०१९मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनात प्रभाकर बर्वे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला जे घडलं ते पुरेसं बोलकं आहे. स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बरखास्त केल्याबद्दल अमोल पालेकर बोलू लागले आणि त्यांना भाषणात पुन्हापुन्हा अडवण्यात आलं.

पण मला अधिक सलते ती उणीव पैशाची नाही. या संस्थांनी पंचवीस-तीस वर्षं कसदार विचार केला, तो बहुतेक सगळा इंग्रजीत. मराठीत त्यासाठी जमीन नव्हती असं कोणी म्हणू नये. सगळ्या ललित कलांना संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वं सारखीच लागू पडतात, असं मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये मांडलं ते १९५५मध्ये. रा. भा. पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ १९७४ची. कलेची स्वायत्तता आणि तिचं जगण्याशी असलेलं नातं यांतला ताण तिने कुठेही सैल सोडलेला नाही. शरद पाटलांनी १९८८मध्ये ‘अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र’ लिहून या चर्चेच्या पायालाच हात घातला.

आता ‘कॅम्प’ या मुंबईच्याच गटाची ‘बॉम्बे टिल्ट्स डाउन’ (२०२२) ही कलाकृती घ्या. उंच इमारतीवर बसवलेला सीसीटीव्ही कॅमेरा शहरावरून नजर खाली उतरवत नेतो आणि सात पडद्यांवर आकाशापासून झोपड्यांच्या छपरांपर्यंतची मुंबई उलगडते. सातही पडदे एकदम चालू असताना समतोल कुठे शोधायचा, हा मर्ढेकरांच्या वाचकाला पडावा असा प्रश्न आहे. वरून पाहणारा डोळा कोणाचा, हा पाटलांच्या वाचकाचा. या दोन प्रश्नांनी ही कलाकृतीही उजळली असती आणि ती जुनी पुस्तकंही. २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या ‘मोमा’ने ‘कॅम्प’चं प्रदर्शन भरवलं. शाहिरीचा आणि कामगार रंगभूमीचा वारसा घरातूनच मिळालेले अमोल के. पाटील २०२२मध्ये कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’त होते. त्यांच्या कामामागचं गिरणगाव जाणणाऱ्या भाषेत त्या कामाची सखोल समीक्षा मात्र सहज हाती लागत नाही. सतीश नाईक यांच्या ‘चिन्ह’ या नियतकालिकासारख्या प्रयत्नांनी चित्रकलेपुरतं हे ओझं वर्षानुवर्षं वाहिलं, पण ते एकट्यादुकट्याने पेलण्यासारखं नाही.

भाषांतराची वाहतूक मराठीकडून इंग्रजीकडे, अशी एकाच दिशेने झाली आहे. बर्वे यांचं ‘कोरा कॅनव्हास’ १९९०मध्ये मराठीत आलं आणि ‘बोधना’ या संस्थेने २०१३मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर काढलं. हे उत्तमच झालं. उलट दिशेचं काम संस्थांनी आपल्या खर्चाच्या अंदाजपत्रकात धरायला हवं: प्रत्येक परिसंवादाचा मराठी वृत्तान्त, प्रत्येक प्रदर्शनाची मराठी पुस्तिका. मराठी विभागांनी आणि कलामहाविद्यालयांनीही वाट पाहत बसू नये. ‘कॅम्प’चा ज्यात मोठा वाटा आहे त्या ‘पॅड डॉट मा’ या संग्रहात २००८पासून न संपादलेलं चित्रण साठतं आहे आणि त्यातल्या क्षणाक्षणाला टिपण जोडण्याची सोय आहे. तिथे मुंबईचंही कितीतरी चित्रण आहे. सौंदर्यशास्त्राच्या एका वर्गाने सत्रभर एवढंच काम घेतलं, मर्ढेकर आणि शरद पाटील शेजारी ठेवून त्या चित्रणाखाली मराठीत टिपणं लिहिली, तरी सुरुवात होईल.