बांधलेली टेकडी

इमारतीचें परीक्षण तिच्या दर्शनी बाजूपासून सुरू करावें, असा शिष्टसंप्रदाय आहे. जपानांतील फुकुओका शहरीं 1995 सालीं बांधून पुऱ्या झालेल्या 'आक्रोस' या इमारतीच्या बाबतींत तो पाळणें कठीण. कारण तिची दर्शनी बाजू कोणती, याविषयींच वाद होऊं शकेल. उत्तरेस मोठा रहदारीचा रस्ता आहे. तिकडून पाहणाऱ्यास कांचेची, नीटनेटकी, कोणत्याही सधन शहरांत खपून जाईल अशी कचेरी दिसते. तिच्याकडे तो पुन्हां मान वळवून पाहील असें वाटत नाहीं. दक्षिणेकडून पाहणाऱ्यास मात्र इमारत जवळजवळ दिसतच नाहीं. त्याला दिसते ती गर्द झाडीची एक टेकडी.

या टेकडीकडे नदीच्या बाजूनें जावें हें उत्तम. नाका नदी या शहराच्या मधून वाहते. पूर्वीं तिच्या पूर्वेस हाकाता हें व्यापाऱ्यांचें गांव व पश्चिमेस फुकुओका हें किल्ल्याभोवतीं वसलेलें सामुराईंचें गांव होतें. 1889 सालीं दोहोंचें मिळून एक शहर झालें. पूल ओलांडून पश्चिम तीरावर आलें कीं तेनजिन मध्यवर्ती उद्यान लागतें. प्रथम 1910 सालीं बांधलेली फ्रेंच धाटणीची जुनी अतिथिशाला, मग एक लहानसा प्रवाह, मग हिरवळ. ही हिरवळ जेथें संपावी व भिंत सुरू व्हावी, तेथें भिंत न लागतां जमीनच पायरी पायरीनें वर चढूं लागते. व्यापारी इमारत आणि सार्वजनिक बाग यांची सीमा कोठें आहे तें पायांना कळतें, डोळ्यांना कळत नाहीं.

ही करामत समजावयाची तर जागेचा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे. येथें प्रांतिक सरकारची कचेरी होती. ती 1981 सालीं दुसरीकडे गेली आणि शहराच्या ऐन मध्यांत मोठी मोकळी जागा राहिली. अशा जागेचें पुढें काय होतें, हें सांगावयास नको. सरकारला तिच्यापासून उत्पन्न हवें असतें, बांधणाऱ्यांस भाडें हवें असतें, आणि नागरिकांस केवळ ती मोकळी राहावयास हवी असते. या तिघांत शेवटच्याचा आवाज बहुधा सर्वांत क्षीण. अर्जेंटिनांत जन्मलेले वास्तुशिल्पी एमिलिओ आम्बास यांनीं यावर सुचविलेला तोडगा असा, कीं इमारतीनें जेवढी जमीन घेतली तेवढी तिनें आपल्या पाठीवर परत द्यावी. जमिनीवर 14 मजले आणि जमिनीखालीं 4. पोटांत संगीतसभागृह, परिषदगृह, कचेऱ्या, दुकानें. आणि या सर्वांवर, सुमारें 60 मीटर उंचीपर्यंत, बाग.

छपरावर बाग हें मुंबईकर वाचकांस नवल वाटूं नये. मलबार हिलवरील फिरोजशहा मेहता उद्यान पाण्याच्या टाक्यांवरच वसलें आहे, आणि तेथें भेळ खाणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांना याची जाणीव असते. परंतु टाकीला खिडक्या लागत नाहींत; कचेरीला लागतात. आम्बास यांचें खरें चातुर्य येथें आहे. प्रत्येक मजला खालच्या मजल्याहून थोडा मागें सारला आहे. त्यामुळें प्रत्येकाला पुढें अंगण मिळालें आणि अंगणावर उघडणारा उजेडही मिळाला. मध्यभागीं कांचेनें झांकलेला प्रचंड चौक आहे, व त्यावर एकाखालीं एक अशीं जलकुंडें मांडलीं आहेत. त्यांच्या आवाजानें शहराचा गोंगाट झांकला जातो आणि त्यांच्यांतून गाळलेला प्रकाश खालीं चौकांत उतरतो. एका वस्तूकडून दोन कामें करून घेण्याची ही कला आमच्या जुन्या वाड्यांच्या चौकांना ठाऊक होती.

आतां जमेच्या बाजूस सर्वांत मोठी रक्कम लिहावयाची ती काळाच्या नांवें. इमारत उभी राहिली तेव्हां 76 जातींचीं सुमारें 37,000 झाडें-झुडुपें लावलीं होतीं. हलक्या कृत्रिम मातीच्या थरांत तीं रुजलीं. पक्ष्यांनीं कोठून कोठून बिया आणून टाकल्या. आणि पुढें जातींची संख्या 120 वर व झाडांची 50,000 वर गेली. आरंभीं ठळक दिसणाऱ्या सिमेंटच्या पायऱ्या आतां पानांआड बुडाल्या आहेत. 2000 सालीं तेथें घेतलेल्या मोजमापांत उन्हाळ्यांत उघड्या सिमेंटचा पृष्ठभाग व झाडीचा पृष्ठभाग यांच्या उष्णतेंत 15 अंशांपर्यंत अंतर आढळलें. इमारती साधारणतः पहिल्या दिवशीं सर्वांत सुंदर असतात. ही त्या दिवशीं सर्वांत ओकीबोकी होती.

तरीही एक हिशेब पुरता जुळत नाहीं. परत दिली ती जमीन घेतलेल्या जमिनीसारखी आहे काय? सपाट बागेंत मूल चेंडू खेळतें, म्हातारा बांकावर बसतो, कोणी उगीच आडवा पडतो. या टेकडीवर अरुंद वाटा आणि शेंकडों पायऱ्या आहेत. येथें चढावें, उतरावें, फार तर क्षणभर विसांवा घ्यावा. ज्याचे गुडघे दुखतात त्याच्यापुरती ही बाग पाहण्याची आहे, वापरण्याची नव्हे. शिवाय हिला दार आहे आणि तें संध्याकाळीं बंद होतें. खालचें उद्यान शेजारीं शिल्लक आहे म्हणून हें वैगुण्य सोसतें. तें उद्यानही बांधकामांत गेलें असतें आणि त्याच्या मोबदल्यांत नुसती ही टेकडी दिली असती, तर तो सौदा नागरिकांस ठकविणारा झाला असता असें मी म्हणेन.

हें आवर्जून सांगण्याचें कारण असें, कीं हिरव्या इमारतींच्या चित्रांची आतां जगभर लाट आहे. नदीकाठच्या कोणत्याही योजनेचा नकाशा उघडावा, प्रत्येक गच्चीवर झाड काढलेलें असतें. चित्रांतल्या झाडाला माती लागत नाहीं, आणि त्याचा भार तुळईवर पडत नाहीं. फुकुओकाच्या टेकडीवर मात्र एवढीं वर्षें माळी राबत आले आहेत. नकाशा मंजूर करणाऱ्यांनीं झाडांची संख्या विचारूं नये. मातीची जाडी विचारावी, माळ्यांचा पगार कोण देणार तें विचारावें, आणि दार किती वाजतां बंद होणार तेंही विचारावें.

उत्तरेकडील कांचेच्या तोंडाबद्दल मात्र मला आम्बास यांच्याशीं भांडावयाचें आहे. बागेकडे पाठ न करणाऱ्या या इमारतीनें रस्त्याकडे पाठ केली आहे. रोज सकाळीं कामास जाणारे हजारों लोक त्याच रस्त्यानें जातात. त्यांच्या वांट्यास या टेकडीचें एक पानही येत नाहीं.